बंदुकीचा जोर कमी करताना

आयुष्यभर माझ्याकडे जो कोणी बंदूक घेऊन आला त्याची तक्रार एकच असायची. "मिस्त्री, जोर नाही हो राहिला." बंदूक म्हणजे छर्ऱ्याची, एअरगन, दरोडेखोर माझ्याकडे येत नसत. आंबेवाले यायचे, जत्रेतले फुगेवाले यायचे, मुंबईहून सासुरवाडीला आलेले हौशी जावई यायचे. सगळ्यांना जोर हवा. "जोर फार आहे, जरा कमी करून द्या," असं सांगणारं गिऱ्हाईक मला एकदाच भेटलं, आणि तीही एक बाई. तिच्याबद्दल लिहावं म्हणून बसलोय, पण धंद्याबद्दल चार शब्द आधी सांगितले नाहीत तर तिने मला कशी कामाला लावली ते तुम्हाला कळायचं नाही.

मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान होतं. आठ बाय दहाची खोली, एक व्हाइस, एक माझ्याहून वयाने मोठं लेथ. पाटीवर लिहिलं होतं, 'स्टोव्ह, पेट्रोमॅक्स व फवारणी पंप दुरुस्ती'. बंदूक हा शब्द मुद्दामच नव्हता, कारण तो वाचून हवालदार चहाला आला असता आणि रोज आला असता. तसं पाहिलं तर ही सगळी एकाच कुळातली माणसं. कुठेतरी हवा किंवा गॅस कोंडायचा आणि ठरलेल्या भोकातून ठरलेल्या वेळी सोडायचा. मधेच कुठे फुसकली की आजार. मी आधी यंत्राला कान लावत असे आणि मग हात. गिऱ्हाईक मधे बोललं की मी ओरडत असे. या बाबतीत माझं नाव गावात चांगलं नव्हतं.

छर्ऱ्याच्या बंदुकीत फार काही नसतं. नळी मोडली की आतली जाडजूड स्प्रिंग दाबली जाते, चाप ओढला की ती सुटते आणि पुढचा दट्ट्या हवा रेटतो. दट्ट्याच्या टोकाला चामड्याचा वायसर असतो. तो सुकला की हवा बाजूने पळते आणि छर्रा दहा पावलांवर दमतो. वायसर खोबरेलात भिजवून मऊ केला की निम्म्या बंदुका बऱ्या होत. हे लोकांना कळलं आणि ते घरीच नळीत अर्धी वाटी खोबरेल ओतू लागले. मग बंदुकीतून धूर निघायचा, आत बार उडायचा आणि स्प्रिंगचे तुकडे व्हायचे. असली बंदूक आली की मी आधी अर्धा तास मालकाला झाडायचो आणि मग बंदूक साफ करायचो.

सदानंद नावाचा एक फुगेवाला होता. त्याची मागणी निराळी. त्याच्या बंदुकीचा नेम बरोबर दोन बोटं डावीकडे चुकवून द्यायचा. एक बोट चुकला तर गिऱ्हाईक फुगे फोडतं, तीन बोटं चुकला तर भांडतं. मी त्याच्या नळीच्या टोकावरची माशी घासून नेम वाकडा करून दिला, तोही इतका नेटका की मला स्वतःचं कौतुक वाटलं. पुढच्या जत्रेनंतर तो रडवेला होऊन आला. कोणी एक मास्तर तीन बारांत वाकडेपणा ओळखून उरलेली सगळी रांग फोडून गेला होता. मी म्हटलं, बाबा रे, चुकीतसुद्धा शिस्त असली की हुशार माणूस ती ओळखतोच. त्याला काही ते पटलं नाही.

ही गंमत झाली. एक गोष्ट गमतीची नाही, तीही सांगतो. एका बागवाल्याने मला सांगितलं, "मिस्त्री, वानर नुसतं दचकून भागत नाही, खाली आलं पाहिजे." अंगात रग होती, हातात कला होती. स्प्रिंगमागे दोन चकत्या घातल्या, वायसर नवा कापला, आणि ती बंदूक अशी केली की छर्रा फळीत रुतून बसे. महिन्याभराने मी त्याच्या बागेत पंप दुरुस्तीला गेलो. त्याने हसत हसत बागेच्या दगडी गडग्याकडे बोट दाखवलं. एक वानरीण बसली होती, पोटाशी पिल्लू. तिचा एक डोळा गेला होता. "तुमची कारागिरी," तो म्हणाला. त्याच्या बायकोने कोकमाचं सरबत आणून दिलं आणि मी ते मुकाट पिऊन परत आलो. काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही याची लाज मला अजून वाटते. त्यानंतर मी कुठल्याही बंदुकीचा जोर मुळात होता त्याहून वाढवला नाही. लोक म्हणाले, मिस्त्रीचा हात थकला. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो.

आता मूळ गोष्ट. साल सत्त्याऐंशी असावं. शिमगा नुकताच झाला होता. दुपारी दुकानात दोघं आली. एक जहाजावर खलाशी असलेला शशी, हसरा, अंगात परदेशी बनियन. त्याच्या मागे त्याची वहिनी, सुमित्रा. गणपतीपुळ्याच्या वाटेवर, रस्त्यापासून आत, त्यांचं गाव. शशीने पिशवीतून एक विचित्र बंदूक काढली. नळीखाली पुढेमागे सरकणारी दांडी, वर गोळ्या भरायची आडवी नळी, आणि मुठीत अंगठ्याएवढी एक पोलादी कुपी.

"अमेरिकेतनं आणलीय. रंगाची बंदूक," शशी म्हणाला. "तिकडं रानात झाडांवर खुणा करायला वापरायचे, आता लोक एकमेकांवर मारून खेळतात. शिमग्याला गावात सगळ्यांना रंगवलं. आता नुसती फुसफुसतेय."

मी दांडी सरकवली. आवाज छान होता. आयुष्यात पहिल्यांदाच असं यंत्र हातात आलं होतं आणि मला ताबडतोब खोलून बघायचं होतं.

"थांबा भाऊ," सुमित्रा म्हणाली. "दुरुस्त कराल त्याच्या आदी माजं ऐका. हिनं वानराला मारायचंय, पन लागता नये."

मी दांडी सरकवायचा थांबलो.

"मारुतीला दर शनवारी तेल घालते मी. आनि त्याच्याच पोरांना छर्रे मारू? मला न्हाय जमायचं. पन आमच्याकडं जुनी मानसं सांगतात, कळपातल्या हुप्प्याला धरून रंग लावून सोडला की बाकीची त्याला भूत समजून पळतात. पन धरनार कोन? शशीभावजींनी ही बंदूक आनली नि माज्या डोक्यात आलं."

हुप्प्या म्हणजे वानरांच्या टोळीचा मुख्य नर. त्याला रंग लावल्याने टोळी पळते यावर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि मी तसं म्हणणारही होतो. पण ती पुढे बोलली ते ऐकून राहू दिलं.

तिचा नवरा वसंत मुंबईत कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. संपानंतर गिरणी सुरू झालीच नाही. दोन वर्षं तिथेच इकडेतिकडे काढून तो गावी आला आणि बापाने लावलेली आंब्याची चाळीस कलमं सांभाळू लागला. दोन हंगाम झाले, दोन्ही वेळा आंबा हाताशी येण्याच्या आत वानरांनी निम्म्याहून जास्त नासला. आता त्याच्या एका चुलतभावाने मुंबईत एका बिल्डिंगवर वॉचमनची जागा धरून ठेवली होती. मेअखेरीपर्यंत कळवायचं होतं.

"यंदा पन गेला आंबा तर हे जानार," ती म्हणाली. "मंग गाठ वर्साला शिमग्याला नि गनपतीला. चौदा वर्सं काढली मी तशी, भाऊ. आता परत न्हाय काढायची."

ती हे रडून बोलली नाही. भाजीवालीशी घासाघीस करावी तशी ठाम बोलली. मी बंदूक ठेवून घेतली.

खोलून पाहिली तेव्हा मन खूश झालं. इतकी साधी आणि इतकी हुशार वस्तू. दांडी मागे ओढली की वरच्या नळीतून एक गोळी खाली पडते. दांडी पुढे ढकलली की गोळीमागे दट्ट्या जाऊन बसतो, आणि आतली छोटी हातोडी स्प्रिंगवर ताणून अडकते. चाप ओढला की हातोडी सुटून गॅसच्या झडपेवर आपटते. झडप डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडून मिटते, तेवढ्यात घोटभर गॅस निसटतो आणि गोळीला ढकलतो. गॅस म्हणजे सोड्याच्या बाटलीत घालतात तोच. हातोडीची स्प्रिंग कडक असेल तर झडप जास्त उघडते, जोर वाढतो. झडपेची स्वतःची स्प्रिंग कडक असेल तर ती लवकर मिटते, जोर कमी होतो. सगळा खेळ या दोन स्प्रिंगांच्या भांडणाचा, आणि माझं काम भांडण मिटवायचं नव्हे, बरोबरीत ठेवायचं.

फुसफुशीचं कारण लगेच सापडलं. झडपेच्या बैठकीत वाळूचा कण अडकून तिथलं सील चिरलं होतं. शशीने गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर बंदुकीची परीक्षा घेतली होती, हे त्याने नंतर कबूल केलं. मी पेट्रोमॅक्सचा रबरी वायसर कापून बसवला. सकाळी पाहतो तर रबर गॅस पिऊन टम्म फुगलेलं, झडप मिटेना. चामडं लावलं, त्यातून गॅस गाळून निघाला. शेवटी मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरच्या मोडक्या नायलॉन बुशाचा तुकडा आणला आणि लेथवर सील कातलं. तीन वेळा बिघडलं, चौथ्यांदा बसलं. नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून बसलो, एक बुडबुडा आला नाही. त्या दिवशी मी कोणावरही ओरडलो नाही.

आता जोर. आणि इथे मी खरा अडकलो. जोर जास्त झाला तर लागणार, हे उघड आहे. पण कमी झाला तर गोळी फुटतच नाही. ती जिलेटिनच्या पातळ कवचाची, आत पिवळा पातळ रंग. हळू गेली की आपटून टप्पा घेते आणि गवतात जाऊन पडते. लागू नये पण फुटावी, असा जो जोर, त्याची फट अगदी चिंचोळी. मूळची स्प्रिंग कापायचा मोह मी टाळला, कारण कापलेली स्प्रिंग परत वाढत नाही. जुन्या तारेतून गजावर नवी मऊ स्प्रिंग वळली आणि तिच्यामागे कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या एकेक करून घालत गेलो.

परीक्षा कशावर घ्यायची? पोत्यावर गोळी फुटेना, भिंतीवर काहीही फुटतं. वानराच्या अंगावर केस असतात, खाली मांस असतं. शेवटी मांडीवर जुनं कांबळं पांघरून मी दुकानामागे उभा राहिलो आणि गोळ्या घेऊन आलेल्या शशीला वीस पावलांवरून मारायला सांगितलं. पहिल्या दोन गोळ्या टप्पा खाऊन गेल्या. एक चकती वाढवली. तिसरी फुटली. थापट मारल्याइतकं जाणवलं, बस. मी कांबळ्यासकट पिवळा झालो. घरी बायकोने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "काम." ती म्हणाली, "शिमगा संपला ना?"

दुसऱ्या दिवशी एसटीने मी स्वतः बंदूक घेऊन त्यांच्या गावी गेलो. कुपी दोनच उरल्या होत्या, म्हणून कोणाच्या हाती पाठवायला नको वाटलं. वसंतला मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. उंच, बारीक, कमी बोलणारा. त्याला गोळ्यांबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "अगदी जपून ठेवल्यात." आणि मला आंबे पिकायला घातलेल्या आढीपाशी घेऊन गेला.

पेंढ्याच्या उबेत, हापूसच्या शेजारी, त्याने त्या गोळ्या एकेक करून मांडल्या होत्या. नाजूक माल, धक्का लागू नये, आंबा जिथे सुखात राहतो तिथे ह्याही राहतील, असा त्याचा विचार. आढीच्या उबेने आणि ओलाव्याने बहुतेक गोळ्या मऊ होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. पेंढा पिवळा, दोन आंबे पिवळे, वसंतचा चेहरा पांढरा. शशी गडग्याआड जाऊन हसत होता ते मला ऐकू येत होतं. मी डब्याच्या झाकणाला नळीच्या मापाचं भोक पाडलं आणि उरलेल्या गोळ्या त्यातून एकेक सोडून पाहिल्या. फुगलेली गोळी नळीत अडकते आणि आतच फुटते. भोकातून सरळ गेल्या त्या अकरा. त्या तांदळात पुरून ठेवल्या.

दुपारी दीडच्या सुमाराला टोळी आली. कातळावरून ऊन परतून तोंडावर येत होतं. पंधरा-सोळा वानरं वरच्या चार कलमांवर उतरली. एकेक आंबा तोडायचा, एक घास घ्यायचा, टाकायचा, दुसरा तोडायचा. मधल्या फांदीवर हुप्प्या बसला होता, काळं तोंड, लांब शेपटी खाली सोडलेली. इतका सोपा नेम परत मिळायचा नव्हता. वसंतने बंदूक उचलली.

"आदी भाऊंच्या मांडीवर मारा," सुमित्रा म्हणाली. "माज्या देखत."

"वानरं जातील तोवर!"

"जाऊ देत."

मी कांबळं पांघरून वीस पावलांवर उभा राहिलो. वसंतने चाप ओढला आणि मी खाली बसलो. मांडीत निखारा टेकवावा तसं झालं. कांबळं वर करून पाहिलं तर लिंबाएवढा निळा वळ उठला होता. सुमित्राने तो पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. काल सकाळी थापट होती ती आज दणका झाली होती, आणि मी एका चकतीलाही हात लावला नव्हता. मला काहीच उमजेना.

टोळी आवाजाने जरा हलली होती, पण गेली नव्हती. हुप्प्या तिथेच. वसंतने दांडी पुन्हा सरकवली. "पाठीवर मारतो. वानराची कातडी जाड असते," तो म्हणाला. "मिस्त्री, ती समोर खातायत हो. दोन वर्सं मी नुसता बगतोय."

मला ती वेळ चांगली आठवते. त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही मारलं असतं. पण मारायच्या ऐन वेळी हुप्प्याने चेहरा वळवला असता तर? मला ती गडग्यावरची वानरीण दिसली. मी लंगडत गेलो, त्याच्या हातातून बंदूक घेतली आणि मुठीतली कुपी फिरवून सैल केली. फस्स करून सगळा गॅस निघून गेला. त्या आवाजाला मात्र टोळी उठली आणि उड्या मारत खालच्या अंगाला निघून गेली. वसंतने गळलेले, एकेक घास घेतलेले आंबे गोळा करायला सुरुवात केली. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना एसटीत मी स्वतःवर इतका चिडलो होतो की कंडक्टरशी उगाच भांडलो. दुकानाच्या शेजारी हसनभाईंचा गोळीसोड्याचा कारखाना होता. मांडी शेकत तिथे बसलो आणि सगळं सांगितलं. हसनभाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बंदूक कुठे ठेवली होती?"

"कातळावर. गडग्याला टेकून."

"उन्हात?"

"मग काय, पाळण्यात?"

ते हसले. "अरे मिस्त्री, गॅस म्हणजे जिवंत चीज. सकाळी माझा सिलिंडर गरीब गाय असतो. तोच दुपारी उन्हात राहिला की बाटल्या फोडतो. मी उगाच त्याच्यावर ओलं गोणपाट टाकतो काय? तीस वर्षं तू शेजारी बसून बघतोस."

बघत होतो, खरंच. मला वाटायचं, पत्रा तापून हात भाजू नये म्हणून टाकतात. आयुष्य हवेत आणि गॅसमध्ये घालवलेल्या माणसाला शेजारच्या गोणपाटाचा अर्थ कळला नव्हता. छर्ऱ्याच्या बंदुकीत नुसती हवा असते, तिला उन्हाचा एवढा फरक पडत नाही, म्हणून मी कधी विचारच केला नाही. जोर मी सकाळी, समुद्राच्या वाऱ्यात, सावलीत बसून ठरवला होता, आणि वानरं यायची भर दुपारी.

दोन दिवसांनी, निरोप पाठवून, मी पुन्हा गेलो. वसंत भेटेल की नाही याची धाकधूक होती. तो वाट पाहत फाट्यावरच उभा होता. "कुपी एकच उरली ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ती शेवटची कुपी सकाळपासून माठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. बंदुकीला ओलं फडकं गुंडाळलं आणि ती घरातच, शेणाने सारवलेल्या जमिनीवर आडवी ठेवली. वसंत शेजारी बसून फडकं सुकलं की पाणी शिंपडत होता. साच्यावरच्या सुताची ओल सांभाळावी लागते, नाहीतर तुटतं, तसं हे, असं तो म्हणाला. त्या दिवशी तो माझ्याशी मोकळेपणाने बोलला, गिरणीबद्दल, साच्यांच्या आवाजाबद्दल. एका साच्यावर त्याने अकरा वर्षं काढली होती आणि तो आता भंगारात गेला असेल, याचं त्याला दुःख होतं. मला ते समजलं.

दीड वाजता टोळी आली. कुपी बसवली, पहिली गोळी माझ्या मांडीवर, या वेळी दुसऱ्या. थापट. सुमित्राने कांबळं स्वतः वर करून पाहिलं आणि मान हलवली. वसंत ओलं फडकं गुंडाळलेली बंदूक घेऊन झाडाखाली सरकला. पहिली गोळी फांदीवर फुटली. दुसरी पानांत गेली. तिसरी हुप्प्याच्या ढुंगणावर, शेपटीच्या मुळाशी, बरोबर बसली.

हुप्प्या एक फूटभर उडाला आणि परत तिथेच बसला. मागे वळून पाहिलं. बोटाने रंग चाचपला, हुंगला, चाटला. दोन वानरिणी जवळ येऊन वाकून बघू लागल्या. आम्ही चौघं वाट बघत होतो की आता टोळी घाबरून पळेल. एका वानरिणीने त्याच्या पिवळ्या ढुंगणातली ऊ काढल्यासारखं केलं आणि सगळी परत आंबे खायला लागली.

शशीला हसू आवरेना. वसंत जमिनीवर बसला. सुमित्राच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी दिसलं. मी बंदूक पुसत बसलो. काम इतकं चोख झालं होतं आणि त्याचा उपयोग शून्य. धंद्यात असं होतं, पण त्या दिवशी ते फार लागलं.

चार दिवसांनी सुमित्रा एकटीच दुकानात आली, धापा टाकत. मला वाटलं, काहीतरी बिघडलं.

"भाऊ, ती टोळी एकच हाय!"

तिने सांगितलं ते असं. त्यांच्या बागेला लागून आणखी दोन घरांच्या बागा. तिन्ही घरं वर्षानुवर्षं समजत होती की रानात चाळीस-पन्नास वानरं आहेत, आणि प्रत्येकाची ठाम खात्री की शेजारचा मुद्दाम आपली वानरं इकडे हाकतो. त्यावरून बोलणंसुद्धा बंद झालेलं. दीड वाजता सुमित्राच्या बागेतून हाकललेली टोळी खालच्या बागेत जायची, तिथून तीनला हाकलली की पलीकडच्या, आणि संध्याकाळी उरलंसुरलं खायला पुन्हा वर. वानरं सगळी सारखीच दिसतात, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. पण आता खालच्या बागेतली म्हातारी ओरडत आली होती, "गो, पिवळ्या कुल्ल्याचा वानर बगितलास काय?" आणि संध्याकाळी पलीकडचा माणूसही तेच विचारत आला. तिन्ही घरांचे लोक कितीतरी वर्षांनी एका गडग्यावर उभे राहून एकाच ढुंगणाकडे बघत होते.

पुढचं सोपं होतं. दुपारी एकपासून तिन्ही बागांत एकदमच माणसं उभी राहायला लागली, हातात रिकामे डबे. टोळी आली की तिन्हीकडून एकाच वेळी गजर, मोकळी बाजू फक्त डोंगराची. तिकडे गावठी रायवळ आंब्याची पाच-सहा झाडं होती, ती त्यांच्यासाठी सोडून दिली. सुमित्रानेच तो हट्ट धरला. पंधरा दिवसांत वानरांनी वाट बदलली. रंग त्याआधीच उतरला होता. बंदूक शशीबरोबर पुन्हा जहाजावर गेली, आणि जाताना त्याने माझं नायलॉनचं सील बघून "मिस्त्री, हे त्यांच्यापेक्षा चांगलंय" असं म्हटलं. ते खरं होतं.

मेअखेरीला एक दिवस भर दुपारी वसंत दुकानात आला. खांद्यावर लोखंडी ट्रंक. ती त्याने धाडकन खाली ठेवली. वर पांढऱ्या ऑइलपेंटने त्याचं नाव, खाली चाळीचं नाव, खोली नंबर, मुंबई. आंबा बरा निघाला होता हे मला कळलं होतं, पण बरा म्हणजे पुरेसा असं नसतं.

"कधी निघायचं?" मी विचारलं.

"कुठं?"

मी ट्रंकेकडे बोट दाखवलं.

"हे खरवडून द्या," तो म्हणाला. "घरी हिला ट्रंकेत भाताचं बियानं ठेवायचं हाय. मुंबईच्या पत्त्यावर बियानं रुजायचं न्हाय म्हनते."

मी पॉलिशपेपर घेतला आणि घासायला बसलो. तो समोर स्टुलावर बसून राहिला. 'मुंबई' लवकर गेलं. खोली नंबर जायला वेळ लागला, कारण तो तीनदा रंगवलेला होता. अक्षरं जात होती आणि तो टक लावून बघत होता.

"नाव पण घासू?" मी विचारलं.

"नको, ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "खाली गावाचं नाव घाला."

माझं अक्षर भयंकर आहे, हे त्याला सांगितलं. तरी म्हणाला, घाला. मग रंगाचा डबा उघडला आणि घातलं.